पाणजात्याचा दगड

कापडाची गिरणी बंद पडली तेव्हा दौलतच्या बापाने पिठाची गिरणी काढली. डिलाईल रोडच्या चाळीत लोक तेव्हा म्हणायचे, म्हातारा गिरणीतून सुटला आणि गिरणीतच अडकला. बाप गेला, दौलत अडकला. लग्न होऊन आली तशी सुभद्राही अडकली. तीस वर्षं ती एकाच कोपऱ्यात, दगडातून पीठ जिथे बाहेर पडतं त्या तोंडाशी, बुटक्या पाटावर बसत आली होती. हातात कुंचा, समोर गिऱ्हाइकाचा डबा. दुपारपर्यंत भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. चाळीतली पोरं तिला भुताची आई म्हणायची आणि तीही डोळे वटारून त्यांना पळवून लावायची.

तीस वर्षांत तिला त्या जागेची भीती कधी वाटली नव्हती. ती वाटली या श्रावणात, नवा दगड चढवल्याच्या नवव्या दिवशी.

नवा आपला म्हणायचा. दगड होता शंभर वर्षांपलीकडचा. झालं असं, की गेली दोन-तीन वर्षं गिरणीत माशा मारायची पाळी आली होती. समोरच्या टॉवरमधले लोक पिठाच्या पिशव्या घरपोच मागवत, आणि चाळीतल्या सुनांनी कपाटाएवढ्या घरगुती चक्क्या घेतल्या होत्या. दौलत दिवसभर पट्ट्यावरची धूळ झटकत बसे. त्यात जुने दगड झिजून पार पातळ झाले. वैशाखात तो गावी गेला, संगमेश्वराच्या वर, घाटाच्या पायथ्याशी, आणि येताना टेम्पोत घालून पाणजात्याचा दगड घेऊन आला.

पाणजातं म्हणजे पाण्यावर फिरणारं जातं. ते दौलतच्या पणज्याने बांधलं. वहाळाला आडवा बांध घालून पाट काढला, पाटाच्या तोंडाशी फणसाच्या लाकडाचं पात्यांचं चाक बसवलं आणि चाकाच्या आसावर जात्याची वरची तळी, म्हणजे हा दगड. दगड घाटावरून रेड्यांनी ओढत आणला होता, आणि त्या पायी एक रेडा मेला असं सांगत. दसऱ्याला जातं चालू व्हायचं आणि शिमग्याच्या सुमारास वहाळ बारीक झाला की थांबायचं. पाच वाड्यांची माणसं डोक्यावर तांदूळ-नाचणीची बोचकी घेऊन यायची आणि नंबर लागेपर्यंत वहाळात पाय सोडून बसायची. पावसाळ्यात वहाळ पिसाळायचा, तेव्हा दगड उतरवून गवतावर निजवून ठेवायचे. आणि दसऱ्याला पुन्हा चढवण्याआधी दौलतचा आजा, सीताराम, तो दोराने वाशाला टांगायचा आणि लोखंडी पहारीने वाजवून बघायचा. चारी बाजूंनी. खणखणीत वाजला तर चढवायचा, बद्द वाजला तर नाही.

"दगड बोलतो," सीताराम म्हणायचा म्हणे. "आपण नुसतं ऐकायचं."

ही गोष्ट दौलत येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगे. आजा कसा टांगायचा, कसा वाजवायचा, सगळं हातवारे करून. फक्त त्याने स्वतः दगड वाजवला नव्हता.

त्याला कारण होतं. साठेक वर्षांपूर्वी, ऐन हंगामात, पाणजातं एकाएकी बंद झालं. घरात सांगत ते असं, की सीतारामच्या स्वप्नात दगड आला आणि म्हणाला, फिरून फिरून दमले रे, आता मला बसव. सीतारामने तो वहाळाकाठी सुरंगीच्या झाडाखाली उभा केला आणि शेंदूर लावला. दगडाची पाणाई झाली. शेंदूर फासला की धोंड्याचाही देव होतो, हे आपल्याकडे काही नवीन नाही. पण ही देवी नवसाला पावू लागली. साठ वर्षं तेल आणि शेंदूर चढत गेला, तो पाठीवर आणि कडेवर बोटभर जाड. दळणारी बाजू तेवढी झाडाच्या खोडाकडे होती म्हणून कोरी राहिली.

देवीला हलवायची तर तिला विचारायला हवं. दौलतने गुरवाला बोलावून कौल लावला. दगडाच्या दोन अंगांना दोन फुलं चिकटवली. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, की बाय, तुझ्या लेकराची मुंबईत उपासमारीची पाळी आली, येतेस का परत कामाला? उजवं फूल पडलं. झालं! देवीने होकार दिल्यावर दगडाला वेगळं काय विचारायचं?

दगड टाकवायला यल्लाप्पा आला होता. म्हातारा वडार, भायखळ्यापासून दादरपर्यंतच्या सगळ्या गिरण्यांचे दगड त्याच्या टाकीखालून गेलेले. त्याने दळणाऱ्या तोंडावर टाक्या घातल्या आणि मग पाठीवरच्या शेंदरावर नख मारून बघितलं.

"शेठ, हे खरवडू द्या. एक हातोडी मारून आवाज घेतो."

"देवीवर हातोडी?" दौलतच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मग तोंडावर टाकी मारली ती चालली?"

"ते तिचं काम आहे. पाठीवर घाव नको."

यल्लाप्पाने हत्यारं गोणपाटात गुंडाळली. जाताना दारात थांबून एवढंच म्हणाला, "मोटरीवर जपून. पाण्याचा दगड आहे हा. याला घाई ठाऊक नाही."

दगड जुन्यापेक्षा थोराड होता. पत्र्याचं संरक्षक कडं त्याच्यावर बसेना. दौलतने ते काढून माळ्यावर टाकलं आणि भोवती लाकडी पट्ट्या ठोकल्या. वहाळावर या दगडाचे फेरे माणसाला मोजता येत असतील. मोटरीवर नुसता गरगरता तांबडा गोल दिसायचा.

आकांक्षाने, त्यांच्या मुलीने, त्याचा व्हिडिओ काढला. ती लोअर परळला एका जाहिरातीच्या ऑफिसात होती, तिला असल्या गोष्टी बरोबर सुचत. दौलत हातवारे करून आज्याची गोष्ट सांगतोय, मागे तांबडा दगड फिरतोय, आणि सुभद्रा कुंच्याने पीठ ओढतेय. चार दिवसांत टॉवरवाल्या बायका खाली उतरल्या. दादरहून, गिरगावातून टॅक्सीने डबे येऊ लागले. थंड पीठ, पाण्याच्या दगडाचं पीठ. जी चक्कीवाली सून दोन वर्षं गिरणीसमोरून मान वळवून जायची, ती रांगेत उभी राहिली. दौलत रोज दाढी करू लागला. सुभद्राला त्याचं ते ताजं तुळतुळीत तोंड बघून बरं वाटायचं, हे खोटं कशाला बोला.

आणि नवव्या दिवशी तिने तो आवाज ऐकला.

दुपारी दौलतने मोटर बंद केली. पट्टा ढिला पडला, घरघर उतरत गेली, दगड थांबत आला. त्या उतरत्या घरघरीत एक बारीक टक. मग टक. मग, शेवटच्या फेऱ्याला, टक. दगड थांबला. आवाजही थांबला.

सुभद्राने कुंचा खाली ठेवला. ती जिथे बसायची तिथून दगडाची कड तिच्या कानाच्या उंचीवर होती, मध्ये दोन लाकडी पट्ट्या. इतके दिवस हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

"अहो, ऐकलंत का?"

"काय?"

"दगडात काहीतरी वाजतंय."

"पट्ट्याचा जोड आहे तो."

"पट्टा थांबला होता. दगड फिरत होता तेव्हा वाजलं."

दौलत हसला. रांगेतली बाई ऐकत होती, म्हणून जरा मोठ्यानेच हसला. "मासळीवाल्याच्या पोरीला दगडातलं काय कळतंय? आता बोंबील असता तर गोष्ट वेगळी."

रांगेतली बाईही हसली. सुभद्रा कफ परेडच्या मच्छीमार नगरातली. लग्नाला तीस वर्षं झाली तरी या घरात तिच्या माहेरच्या वासाची थट्टा संपली नव्हती. मोटर परत चालू झाली आणि ती मान थोडी डावीकडे झुकवून पीठ ओढू लागली. संध्याकाळी तिची मान अवघडली. दुसऱ्या दिवशी तिने पाट वीतभर मागे घेतला, तर कुंचा पोचेना आणि पीठ जमिनीवर सांडलं. दौलत खेकसला. तिने पाट पुढे घेतला.

असे आठ दिवस गेले. भीतीचं एक असतं, ती कामाच्या आड येत नाही. हात आपलं काम करत राहतात. डबा लाव, पीठ ओढ, डबा ठोक, झाकण लाव. पण रोज सकाळी पाटावर बसताना ती देवीला हात जोडायची, आणि मग वाटायचं, हात नक्की कोणाला जोडतोय आपण, राखणाऱ्याला की मारणाऱ्याला? मोटर बंद झाली की ती श्वास रोखून ऐके. टक. टक. परवापेक्षा कालचा मोठा, कालच्यापेक्षा आजचा.

तिने आकांक्षाला सांगितलं. आकांक्षा फोनवरून मान न उचलता म्हणाली, "मम्मी, तू उगाच टेन्शन घेतेस. पप्पांचं किती वर्षांनी काहीतरी जमून आलंय. गणपती होऊ दे, मग मेकॅनिकला दाखवू."

गणपती आठवड्यावर आले. मोदकांची पिठी सुरू झाली. बायका आंबेमोहोर धुऊन, सावलीत वाळवून आणत. पिठीच्या आधी दगड साफ करायचा असतो. मूठभर तांदूळ टाकून दळायचे आणि ते पीठ बाजूला काढायचं, म्हणजे गव्हाचा अंश राहत नाही. सुभद्रा ते नेमाने करी. तरी शेजारच्या चाळीतली नलू तिसऱ्या दिवशी डबा घेऊन परत आली.

"दौलतभाऊ, हे बघा काय. पिठीत करडी रेघ आलीय. पांढरेशुभ्र तांदूळ दिले होते मी."

रांग पुढे सरकून डब्यात डोकावली. दुधासारख्या पिठीत खरंच एक राखेच्या रंगाची रेघ होती.

"तुमच्याच डब्यात काहीतरी असेल," दौलत म्हणाला.

"माझ्या डब्यात? माझा डबा मी लिंबू लावून घासते!"

"वहिनी, बाप्पाच्या पिठीला मी खोट घालीन काय?"

"ते मला काय ठाऊक? मोदक करडे झाले तर सासू मला विचारणार, तुम्हाला नाही."

दौलतची तुळतुळीत हनुवटी लाल झाली. त्याने पदरचे तांदूळ घालून दळून द्यायचं कबूल केलं. नलू गेली तरी रांगेतली कुजबुज गेली नाही. सुभद्राने ती पिठी मागच्या मोरीशी नेली आणि वस्त्रगाळ केली. फडक्यावर चार कण राहिले. करडे, चमकणारे. एक तिने नखाने दाबला, तर तो वाकला. दाताखाली धरला, तर मऊ लागला आणि जिभेला गोडसर चव आली. ती लगेच थुंकली.

ही चव तिला ठाऊक होती. लहानपणी ती बापाच्या मांडीशी बसून जाळ्याच्या काठाला शिशाच्या गोळ्या दाताने दाबून बसवायची, आणि बाप डोक्यात टपली मारायचा, तोंडात घालू नको गो, विष असतं ते.

दगडात शिसं कुठून येईल?

तिने कण दौलतच्या तळहातावर ठेवले. त्याने ते बराच वेळ बघितले. मग बोटांनी झटकले.

"शेंदरातलं काहीतरी असेल."

"शिसं आहे. मी चाखलंय. माणसांच्या पोटात जातंय हे. आणि दगडात कुठेतरी शिसं ओतलंय म्हणजे कुठेतरी फट आहे. उतरवा तो."

"गणपतीच्या तोंडावर?" त्याने आवाज खाली आणला. "सुभद्रा, शंभर डबे येऊन पडलेत. आता दगड उतरवला तर परत कोण कुत्रं फिरकणार नाही. चार दिवस. चारच दिवस. मग उतरवतो, तुझी शपथ."

"चार दिवसांत उडाला तर?"

"देवीने कौल दिलाय."

त्याच्याही डोळ्यांत भीती होती. तिला ती दिसली, आणि त्यानेच ती जास्त घाबरली. दुपारी त्याने त्या लाकडी पट्ट्यांवर आणखी दोन पट्ट्या ठोकल्या. पेरूच्या खोक्याच्या होत्या त्या. अंगठ्याने दाबल्या तरी मोडल्या असत्या.

हरतालिकेच्या दिवशी सुभद्राला निर्जळी उपास. दुपारी दोनला दौलतने पट्टा आवळायला मोटर थांबवली, तेवढ्यात ती सासूला पेज द्यायला वर गेली. सासू आनंदीबाई ब्याऐंशीची. गुडघे गेल्यापासून ती दुसऱ्या मजल्यावरची खोली सोडून खाली उतरली नव्हती. दगड आला तेव्हाही तिने खिडकीतून हात जोडले, खाली आली नाही.

सुभद्राने पेजेचं ताट ठेवलं. पदराच्या गाठीत तिने एक कण जपून ठेवला होता, तो काढून म्हातारीच्या हातावर ठेवला.

"आई, हे दगडातून येतंय. शिसं आहे."

आनंदीबाईने मूठ मिटली. पेज तशीच राहिली.

"आवाज येतो का गो?" तिने विचारलं.

आवाजाबद्दल सुभद्रा सासूला कधी काही बोलली नव्हती.

"येतो. थांबताना. टक टक असा."

"तसाच," म्हातारी म्हणाली. "तिनं पण असाच सांगितलान व्हता."

"कोणी?"

"माझ्या सासूनं. मनकर्णा. तू बसतेस ना तोंडाशी, तशी ती बसायची. मी नवी नवरी, अठरा वर्सांची. त्या वर्सी पाऊस लांबला. लोक बोचकी घेऊन खोळंबलेले. मामंजींनी घाईत दगड चढवलान. वाजवलान नाय. तेवढ्या एका वर्सी वाजवलान नाय. सासू दोन दिस सांगत व्हती, दगडात कायतरी बोलतंय. मामंजी म्हणाले, बायकांना दगडातलं काय कळतं?"

सुभद्रा भिंतीला टेकली.

"मी कळशी घेऊन वहाळावर गेले. आवाज झाला, धोंडा फुटल्यासारखा. परत आले तर ती आडवी, आणि जातं आपलं फिरतंच. पाण्याला कोण थांबवणार? ह्या इथं लागला व्हता." म्हातारीने कानाच्या वर बोट ठेवलं. "तुकडा उडालान कडेचा. गावात सांगितलान, पाय घसरून पाटात पडली. तुकडा शिसं ओतून परत बसवलान, वरनं शेंदूर. मग पडलं ते स्वप्न. साठ वर्सं मी त्या दगडाला हळदकुंकू वाहिलं सुभद्रे. माझी सासू म्हणून वाहिलं."

"आणि दगड आणला तेव्हा तुम्ही गप्प राहिलात?"

"मामंजींनी शपथ घातलेनी. तुझ्या सासऱ्याला पण ठाऊक नव्हतं, तो इथं गिरणीत व्हता. आणि कौल पडला ना उजवा. मला वाटलं, तिनं माफ केलान."

खालून दौलतची हाक आली. "सुभद्रा! चल, चालू करतोय!"

सुभद्राला राग आला, म्हातारीचा, त्या मेलेल्या सीतारामाचा, उजव्या फुलाचा. पण राग करायला वेळ नव्हता. तिने फळीवरच्या खलबत्त्यातला लोखंडी बत्ता उचलला आणि जिना उतरली.

गिरणीत दहा-बारा बायका उपाशी तोंडाने ताटकळत होत्या. नलू सगळ्यांत पुढे. दौलत हात पुसत स्विचकडे निघाला होता. सुभद्रा त्याच्या समोरून आत गेली, लाकडी पट्ट्या उचकटून काढल्या आणि पाणाईच्या पाठीवर बत्ता हाणला.

ठण्ण.

"अगं बाई! देवीला मारलं!" कोणीतरी ओरडलं. दोघींनी गालावर मारून घेतलं.

ती दुसऱ्या अंगाला गेली. ठण्ण. तिसऱ्या अंगाला मारायला हात उचलला तेवढ्यात दौलतने तिचं मनगट पकडलं. बत्ता पायाशी पडला.

"वेड लागलं तुला? सणाचा दिवस, देवीवर हात टाकतेस? मासे कुटायला आलीस काय इथं?"

इतक्या बायकांच्या देखत. सुभद्राच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने मनगट सोडवून घेतलं नाही.

"या दगडाने तुमची आजी मारलीय," ती म्हणाली. "आईंना विचारा."

"काय बडबडतेस! आजी पाटात बुडून मेली." त्याने तिला बाजूला ढकललं आणि स्विचवर हात ठेवला. "बस जागेवर. लोक थांबलेत."

आता काय उरलं? तिने पाट ओढला, नेहमीच्या जागी ठेवला आणि बसली. मान डावीकडे झुकवली नाही, सरळ ठेवली. कुंचा हातात घेतला.

"करा चालू," ती म्हणाली. "मी हलणार नाही. तुमचा कौल आहे ना? करा."

दौलतचा हात स्विचवर तसाच राहिला.

जिन्यावर काहीतरी घासत येत असल्याचा आवाज झाला. बायका मागे सरल्या. आनंदीबाई बसल्या बसल्या एकेक पायरी उतरत आली होती. लुगड्याला जिन्याची घाण, कोपर सोललेलं. कोणी हात द्यायला गेलं तर तिने तो झटकला. भिंत धरत ती आत आली आणि सुभद्राच्या बाजूला, खाली पिठातच बसली.

"आये, तू कशाला उतरलीस?"

"मी पण बसतंय इथं," म्हातारी म्हणाली. "मागल्या खेपेला कळशी घेऊन गेले म्हणून वाचले. कर चालू."

"आये, ही म्हणते ते…"

"खरं हाय. आज्यानं तुझ्या त्या वर्सी दगड वाजवलान नाय. तू सगळ्या मुंबयला सांगतोस ना, आजा कसा वाजवायचा? मग वाजव की रे बाबा. ऐक तरी."

समोरच्या मंडपातून ढोलाची तालीम ऐकू येत होती. दौलतने स्विचवरचा हात काढला. खाली वाकून बत्ता उचलला. देवीच्या पाया पडला, कानाची पाळी धरली आणि तिसऱ्या अंगाला बत्ता मारला. ठण्ण. मग तो चौथ्या अंगाला गेला, जिथे शेंदूर सगळ्यांत जाड होता.

बद्द.

पुन्हा मारला. ओल्या भिंतीवर मारल्यासारखा आवाज. तिसऱ्यांदा त्याने अगदी हळू मारला, दार वाजवावं तसा. शेंदराचा तळहाताएवढा पापुद्रा सुटून खाली पडला. आत करडं शिसं होतं, जागोजागी तुटलेलं, आणि शिशाच्या पलीकडे फट. दौलतने फटीत बोट घातलं. कडेचा तुकडा हलला. मग काही जोर न लावता, दुधाचा दात पडावा तसा, तो त्याच्या हातात आला.

नारळाच्या वाटीपेक्षा थोडा मोठा होता तो. दौलतने तो दोन्ही हातांत धरला. मग त्याने दगडाच्या कडेकडे बघितलं, आणि तिथून सरळ रेषेत सुभद्राच्या डोक्याकडे. तो मटकन खाली बसला.

"दळण…?" मागून कोणीतरी दबक्या आवाजात विचारलं.

"आज काय, उद्याही मिळायचं नाही," दौलत म्हणाला. "आणि हा दगड चढल्यापासूनचं सगळं पीठ टाकून द्या. सगळं. माझं नाव सांगा सगळ्यांना."

नलूने आपला डबा उचलला. एकेक करत बायका निघून गेल्या.

सुभद्रा उठायला गेली आणि परत पाटावर बसली. इतके दिवस धरून ठेवलेली सगळी भीती आता, धोका टळल्यावर, अंगात शिरली होती. दौलत गुडघ्यांवर सरकत तिच्याजवळ आला. त्याने तिच्या कानावरचं पीठ बोटाने पुसलं, एकदा, दोनदा.

"दे तो इकडं," आनंदीबाई म्हणाली.

त्याने तुकडा तिच्या मांडीवर ठेवला. म्हातारीने तो उलटासुलटा केला, वजन घेतलं, आणि पदराच्या टोकाने त्याच्यावरचा शेंदूर घासायला लागली. शेंदूर निघत नव्हता, तरी ती घासत राहिली.

"हाच," ती म्हणाली. "एवढाच व्हता. तवा याला शेंदूर नव्हता रे. नुसतं पीठ व्हतं."